वीज कशावर पडते आणि कोणती सामग्री तिच्यापासून वाचवते : घरावर वीजरोधक बसवणाऱ्या नवख्यांसाठी

घरामागच्या उंच झाडावर एका संध्याकाळी वीज पडली, तेव्हा आम्ही सगळे घरातच होतो. दुसऱ्या दिवशी पाहिले तर झाडाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चार बोटे रुंदीच्या पट्टीत सोलून निघाली होती आणि तिचे तुकडे वीस-पंचवीस पावलांवर जाऊन पडले होते. कोणाच्या जिवाला धक्का लागला नाही. मात्र इंटरनेटचा राउटर, टीव्ही आणि पंपाचा स्टार्टर जळाले, आणि मेन बोर्डातली एक वायर आतून काळी पडली. वीज घरावर पडलेली नसतानाही एवढे नुकसान कसे झाले, हे मला त्या दिवशी अजिबात उमगले नव्हते.

घरावर वीजरोधक बसवायचे ठरवल्यावर जो तो वेगळा सल्ला देऊ लागला. धातू लावला की वीज ओढली जाते, असे एकाने सांगितले. तांब्याशिवाय दुसरे काही चालतच नाही, असे दुसऱ्याने बजावले. वीजरोधकाचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून तोडून ठेवा, असे तिसऱ्याने अगदी ठामपणे सांगितले. यातले काय खरे आणि काय खोटे हे निवडण्यात माझे कित्येक महिने गेले, आणि मध्ये एक चूक भिंतीवर पक्की बसलीसुद्धा. तुमचा तेवढा वेळ वाचावा आणि ती चूक टळावी, म्हणून हा सगळा क्रम येथे लिहीत आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘वीजरोधक’ हा शब्द रूढ असला तरी तो दिशाभूल करणारा आहे, कारण हे साधन विजेला रोखत नाही, तर तिला जमिनीपर्यंत जाण्याची एक ठरलेली वाट देते. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे लक्षात ठेवावे लागते.

पायरी १ : वीज खाली कशी उतरते ते आधी समजून घ्या

गडगडाटी ढगात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा वर-खाली होताना एकमेकांवर आदळतात. त्यातून विद्युतभार वेगळे होतात आणि ढगाच्या खालच्या भागात बहुधा ऋण भार साठतो. हा साठा पुरेसा वाढला की ढगातून एक अंधूक, फांद्या फुटणारी वाट सुमारे ५० मीटरच्या टप्प्याटप्प्यांनी खाली येऊ लागते. ती जमिनीजवळ पोहोचते तेव्हा झाडांचे शेंडे, इमारतींचे कोपरे, खांब, कधीकधी उभी माणसेदेखील, अशा उंच वस्तूंमधून वरच्या दिशेने लहान लहान ठिणगीवाटा निघतात. यांपैकी जी वाट खाली येणाऱ्या वाटेला आधी भेटते, त्या जागी वीज ‘पडते’.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तुमच्या छतावर पत्रा आहे की कौले, हे दोन-तीन किलोमीटर उंचीवरच्या ढगाच्या लेखी सारखेच असते. कुठे पडायचे हे वीज शेवटच्या काही दशक मीटरांत, फार तर शंभरएक मीटरांत ठरवते. वाट जुळली की साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि क्वचित तो २,००,००० अँपिअरपर्यंतही जातो. त्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि अशी फुगते की तिचाच आपल्याला गडगडाट ऐकू येतो. एकाच लखलखाटात बहुधा तीन-चार झटके असतात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते.

पायरी २ : तुमच्या घराचा कोणता भाग विजेला जवळचा आहे ते शोधा

वीज ओढून घेणाऱ्या गोष्टी तीन आहेत : उंची, आजूबाजूला दुसरे काही उंच नसणे आणि निमुळता आकार. धातू या यादीत नाही. मोकळ्या रानातल्या एकाकी झाडावर वीज पडते, ते झाड धातूचे नसतेच. अंगावरच्या दागिन्यांमुळे, घड्याळामुळे किंवा हातातल्या मोबाइलमुळे वीज अंगावर येत नाही. वीज पडलीच तर तो धातू तापून त्वचा भाजते, एवढेच. धातूमुळे वीज कुठे पडेल हे फारसे बदलत नाही, मात्र पडल्यानंतर ती कोणत्या वाटेने जाईल हे धातू ठरवतो. या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच ‘धातू वीज ओढतो’ हा समज इतका खोलवर रुजला असावा.

एकाच जागी वीज दुसऱ्यांदा पडत नाही, हा समजही सोडून द्यावा. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर दरवर्षी सरासरी वीसपेक्षा जास्त वेळा वीज पडते. व्हेनिसमधल्या सेंट मार्क चौकातल्या घंटाघराला तर शतकानुशतके विजेने पुन्हा पुन्हा तडाखे दिले, आणि १८ व्या शतकात वीजरोधक बसवल्यावरच त्याची त्यातून सुटका झाली.

आता तुमच्या घराकडे वळू. आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘घरंगळत्या गोळ्या’ची एक पद्धत आहे. ती कागदावर करून पाहण्याचा मी आग्रह धरतो, कारण माझे बरेचसे गैरसमज त्या एका संध्याकाळीच गळून पडले. एक भला मोठा गोळा जमिनीवरून आणि घरावरून सगळीकडून घरंगळवत नेला आहे अशी कल्पना करायची. तो ज्या ज्या ठिकाणी टेकतो तिथे वीज पडू शकते, आणि त्याच्या पोटाखाली जी जागा अस्पर्श राहते ती सुरक्षित मानायची. गोळ्याची त्रिज्या संरक्षणाच्या चार पातळ्यांसाठी अनुक्रमे २०, ३०, ४५ आणि ६० मीटर धरतात. त्रिज्या जितकी लहान, तितके संरक्षण कडक. साध्या घरासाठी बहुधा ४५ मीटरची तिसरी पातळी घेतात.

मी घराचे समोरून आणि बाजूने असे दोन आराखडे १ सेंटिमीटरला ३ मीटर या प्रमाणात काढले आणि पुठ्ठ्याची १५ सेंटिमीटर त्रिज्येची चकती कापली. चकती आराखड्याच्या कडेने हळूहळू फिरवत नेली आणि जिथे टेकली तिथे पेन्सिलीने खूण केली. आढ्याची दोन्ही टोके, पाण्याच्या टाकीचा एक कोपरा आणि टीव्हीच्या जुन्या अँटेनाचा खांब, एवढ्या ठिकाणी खुणा झाल्या. भिंतींचा मोठा भाग आणि मागची पडवी चकतीखाली कोरडी राहिली. त्या टाकीचा विचार तोपर्यंत कोणाच्याच डोक्यात आला नव्हता, कारण ती प्लास्टिकची होती.

पायरी ३ : यंत्रणा बसेपर्यंत माणसे कुठे थांबतील ते ठरवा

उपकरणांचे नंतर पाहू. लखलखाट आणि गडगडाट यांत किती सेकंद गेले ते मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरावा. हे अंतर तीस सेकंद किंवा त्याहून कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. तेव्हा ताबडतोब आत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर आणखी तीस मिनिटे बाहेर पडू नये.

आत म्हणजे नेमके कुठे, हेच महत्त्वाचे आहे. वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत चांगली, किंवा धातूच्या छताची, काचा बंद असलेली मोटार चांगली. मोटार वाचवते ती रबरी टायरांमुळे, असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो आणि ते चूक आहे. कोरड्या हवेला भेदायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात असे धरतात. कित्येक किलोमीटर हवा ओलांडून आलेल्या विजेला टायरचे वीतभर रबर थांबवणार नाही, आणि चपलेचे बोटभर रबर तर नाहीच नाही. मोटारीचा धातूचा सांगाडा प्रवाहाला बाहेरच्या बाहेर वाहून जमिनीत नेतो, म्हणून आतला माणूस वाचतो. मायकल फॅरडेने १८३६ मध्ये धातूने मढवलेल्या खोलीत बसून हेच दाखवले होते : बाहेर मोठमोठ्या ठिणग्या पडत असताना आत काहीच जाणवले नाही. म्हणून कापडी छताची गाडी, फायबरग्लासची गाडी, दुचाकी, तंबू आणि चारी बाजूंनी उघडी शेड यांपैकी कशावरही विसंबू नये.

झाडाखाली उभे राहण्यातला धोकाही बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरता उतरता शेजारच्या माणसावर उडी मारते, कारण ओल्या लाकडापेक्षा माणसाचे शरीर तिला सोपे पडते. तिथून वाचलो तरी ती जमिनीतून चहूकडे पसरते आणि एका पायाखालची जमीन व दुसऱ्या पायाखालची जमीन यांत व्होल्टचा फरक पडतो. तो प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून खाली जातो. जनावरांचे पुढचे आणि मागचे पाय दूर असल्यामुळे त्यांना हा फटका जास्त बसतो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावर ३२३ रेनडिअर एकाच वेळी मेली ती अशीच. उघड्यावर अडकलात आणि कुठेच आसरा नसेल, तर उंच वस्तूंपासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे मात्र कधीही पडू नये. उकिडवे बसल्याने धोका थोडा कमी होतो, टळत नाही.

घरात असताना वायर असलेला फोन, नळ, अंघोळ आणि सळ्या असलेल्या काँक्रीटच्या भिंतीला टेकून बसणे टाळावे. बिनतारी फोन वापरायला हरकत नाही. आणि कोणाला वीज लागलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास किंवा हृदय थांबले असेल तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे, कारण अशी माणसे वाचतात.

पायरी ४ : सामग्री निवडा

वीज नेण्यासाठी तांबे, अॅल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, म्हणजे जीआय, आणि स्टेनलेस स्टील ही चारही चालतात. छतावरच्या, वीज झेलणाऱ्या सळ्या आणि त्यांच्यापासून जमिनीपर्यंत जाणाऱ्या उतरत्या पट्ट्या यांच्यासाठी मानकाने सांगितलेले किमान छेदक्षेत्र ५० चौरस मिलिमीटर आहे. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टीचे छेदक्षेत्र ७५ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे पुरेसे झाले. विजेचा प्रवाह प्रचंड असला तरी तो सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता वाहतो, त्यामुळे एवढ्या जाडीचा धातू वितळत नाही. तांबेच हवे, हा हट्ट म्हणूनच फार उपयोगाचा नाही. तांबे उत्तम आहे, पण बारीक तांब्यापेक्षा जाड जीआय पट्टी चांगली, आणि कोणत्याही धातूपेक्षा सरळ व अखंड वाट महत्त्वाची.

या म्हणण्याला एक हिशेब आहे. सरळ तारेचा किंवा पट्टीचा प्रत्येक मीटर साधारण १ मायक्रोहेन्री एवढे प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहातल्या अचानक बदलाला होणारा विरोध, बाळगतो. विजेचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १०,००० अँपिअरने वाढत असेल, तर त्या एका मीटरवर १०,००० व्होल्ट निर्माण होतात. दहा मीटर पट्टीवर ते एक लाख होतात. शुद्ध तांबे वापरले म्हणून हा आकडा कमी होत नाही, कारण तो धातूच्या रोधामुळे येतच नाही. तो पट्टीच्या लांबीमुळे आणि वळणांमुळे येतो. पट्टीला सज्जाभोवती यूसारखा वळसा दिला, तर वीज तो वळसा टाळून मधली हवा फोडून थेट उडी मारू शकते.

आता सांभाळायच्या जागा.

अॅल्युमिनियम जमिनीत कधीही पुरू नये आणि प्लास्टर किंवा काँक्रीटमध्येही गाडू नये, कारण ते तिथे झपाट्याने खंगते. तांबे आणि अॅल्युमिनियम थेट एकमेकांना जोडू नयेत. मध्ये दोन धातूंचा खास जोडक्लॅम्प हवा. तांब्यावरून ओघळणारे पाणीसुद्धा खालच्या अॅल्युमिनियमला आणि जस्ताला खाते, म्हणून तांबे कधीही त्यांच्या वर बसवू नये. माझ्या घराचे काम ज्या कंत्राटदाराला दिले होते त्याने छतावर तांब्याची सळई, तिच्याखाली अॅल्युमिनियमची पट्टी आणि दोन्हींना एकच साधा बोल्ट अशी जोडणी केली. वर्ष उलटायच्या आत सांध्याभोवती पांढरी भुकटी जमली. मी पान्याने बोल्ट सैल केला तेव्हा पट्टीचे टोक बिस्किटासारखे तुटून हातात आले. बाहेरून पाहताना तो वीजरोधक धडधाकट दिसत होता.

छत धातूच्या पत्र्याचे असेल तर तोच पत्रा वीज झेलू शकतो. भोक पडले तरी चालण्यासारखे असेल आणि खाली पेट घेणारे काही नसेल, तर पोलादाला किंवा तांब्याला अर्धा मिलिमीटर आणि अॅल्युमिनियमला ०.६५ मिलिमीटर जाडी पुरते. भोक पडणे परवडणार नसेल तर पोलाद ४, तांबे ५ आणि अॅल्युमिनियम ७ मिलिमीटर जाड लागते.

उरली रबर, प्लास्टिक, काच, लाकूड, विटा ही सामग्री. यांपैकी एकही वीज झेलण्याच्या कामाची नाही. ओलसर लाकडातले, विटांतले किंवा काँक्रीटमधले पाणी क्षणात वाफ होते आणि ती वस्तू फुटते. माझ्या झाडाची साल अशीच उडाली. प्लास्टिकच्या टाकीत पाणी असते आणि टाकीपासून नळ खाली घरात येतात, म्हणून तिलाही सळईच्या छत्राखाली घ्यावे लागते. विद्युतरोधक सामग्रीला एक मोलाची जागा मात्र आहे आणि ती पायाखाली आहे. उतरत्या पट्टीपासून तीन मीटरच्या परिसरात माणसांची ये-जा होत असेल, तर तिथे १५ सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर किंवा ५ सेंटिमीटर डांबराचा थर दिल्यास पावलांमधून चढणारा प्रवाह बराच घटतो.

पायरी ५ : काम सुरू होण्यापूर्वी ही कागदपत्रे आणि साधने जमवा

कागदपत्रांत घराचे मोजमापांसह आराखडे, त्यांवर सळ्या, पट्ट्या आणि अर्थिंगच्या जागा दाखवणारा नकाशा, जमिनीतल्या पाण्याच्या, गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांची माहिती, सामग्रीचा धातू व छेदक्षेत्र सांगणारे पुरवठादाराचे लेखी पत्र आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनची सही असलेला अर्थ टेस्टरचा अहवाल हवा.

साधनांत अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर, मल्टिमीटर, पट्टीची जाडी पाहण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर आणि दुर्बीण लागते. दुर्बिणीने छतावर न चढता सांधे पाहता येतात.

याशिवाय एक सवय लावून घ्यावी. जमिनीत किंवा भिंतीत झाकला जाणारा प्रत्येक सांधा झाकण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो काढावा. नंतर तो सांधा पुन्हा कधी पाहायला मिळत नाही.

पायरी ६ : वरपासून खालपर्यंत वाट बांधा

गोळ्याच्या पद्धतीने जिथे खुणा झाल्या तिथे सळ्या बसवा, म्हणजे गोळा घराऐवजी सळ्यांवर टेकेल. सळईचे टोक टोकदार हवे की बोथट, हा वाद अडीचशे वर्षांचा आहे. बेंजामिन फ्रँकलिन टोकदार सळईच्या बाजूचा होता आणि इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज बोथट टोकांच्या. न्यू मेक्सिकोतल्या डोंगरमाथ्यावर बरीच वर्षे शेजारी शेजारी सळ्या उभ्या करून पाहिले, तेव्हा सुमारे १९ मिलिमीटर व्यासाच्या बोथट सळ्यांवर वीज पडली आणि टोकदारांवर पडली नाही. त्यामुळे टोक धारदार करण्याचा अट्टहास करू नये.

इथेच एक मोठा सापळा आहे. ‘ही खास सळई आधीच ठिणगी सोडते आणि शंभर मीटरपर्यंतचा परिसर एकटी सांभाळते’ अशी जाहिरात असलेली टोके विकली जातात. त्यांना साध्या सळईपेक्षा मोठा परिसर आयईसी ६२३०५ मान्य करत नाही. त्यांच्या भरवशावर बाकीच्या सळ्या वगळू नका. पूर्वी किरणोत्सारी द्रव्य भरलेली टोकेही बसवली जात. जुन्या इमारतीवर तसे काही आढळले तर स्वतः हात न लावता किरणोत्साराशी संबंधित सरकारी यंत्रणेला कळवावे.

सळईपासून निघणाऱ्या उतरत्या पट्ट्या किमान दोन असाव्यात आणि त्या घराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून खाली याव्यात. प्रवाह वाटला गेला की प्रत्येक वाटेवरचा धोका घटतो. तिसऱ्या पातळीसाठी पट्ट्यांमधले अंतर सुमारे १५ मीटर धरतात. पहिल्या दोन पातळ्यांना १० आणि चौथीला २० मीटर. पट्टी सरळ खाली यावी, वळण द्यावेच लागले तर ते ऐसपैस असावे. घराच्या काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्या एकमेकींना अखंड जोडलेल्या असतील तर त्यांचाही वाहक म्हणून उपयोग करता येतो, पण त्यासाठी वरपासून खालपर्यंतचा रोध ०.२ ओहमपेक्षा जास्त नाही हे मोजून सिद्ध झालेले हवे. बांधून झालेल्या घरात हे बहुधा जमत नाही.

पट्टी आणि घरातला धातू यांच्यात अंतर हवे, नाहीतर वीज भिंतीतून आतल्या वायरवर उडी मारते. दोन उतरत्या पट्ट्या असलेल्या, तिसऱ्या पातळीच्या घरात, जमिनीजवळच्या जोडणीपासून दहा मीटर उंचीवर हे अंतर हवेतून साधारण पाव मीटर आणि विटांच्या भिंतीतून त्याच्या दुप्पट येते. अंतर ठेवणे शक्यच नसेल तर तो धातू पट्टीला जोडून टाकावा.

जमिनीपासून थोड्या उंचीवर प्रत्येक पट्टीत एक सोडवता येणारा चाचणी-क्लॅम्प हवा. तो नसेल तर खालच्या अर्थिंगचा रोध वेगळा मोजताच येत नाही. खाली प्रत्येक पट्टीला जमिनीत उभी ठोकलेली, किमान अडीच मीटर लांबीची अर्थिंगची सळई द्यावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे घराभोवती, भिंतीपासून सुमारे एक मीटर अंतरावर आणि अर्धा मीटर खोल, पट्टीचे पूर्ण कडे पुरावे. रोध १० ओहमपेक्षा कमी असावा अशी शिफारस आहे. मोजणी कोरड्या दिवसांत करावी. ओल्या मातीतला सुंदर आकडा उन्हाळ्यात टिकत नाही.

पायरी ७ : सगळे अर्थिंग एकमेकांना जोडा

नवख्यांची सर्वांत महाग चूक येथे होते. वीजरोधकाचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून तोडून ठेवावे म्हणजे वीज घरात शिरणार नाही, हा सल्ला ऐकायला पटतो, पण तो धोक्याचा आहे. वीज पडते त्या क्षणी वीजरोधकाचे अर्थिंग जमिनीच्या इतर भागाच्या मानाने लाखो व्होल्टवर चढू शकते. तुमचे अर्थिंग ५ ओहमचे असले आणि ३०,००० अँपिअर आले, तर साधा गुणाकारही दीड लाख व्होल्ट दाखवतो. घराचे अर्थिंग तेव्हा शून्याजवळ राहिले, तर हा सगळा फरक तुमच्या भिंतीवर, पंपावर आणि टीव्हीवर येऊन पडतो. दोन्ही जोडलेली असतील तर घरातले सगळे काही एकदमच वर चढते आणि एकदमच खाली येते. आतल्या दोन वस्तूंमध्ये फरकच राहिला नाही, तर ठिणगी उडायला कारण उरत नाही. तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही ते याच कारणाने.

म्हणून मेन बोर्डाजवळ तांब्याची एक जाड पट्टी भिंतीवर बसवावी आणि वीजरोधकाचे अर्थिंग, घराचे अर्थिंग, धातूचे पाण्याचे आणि गॅसचे नळ, अँटेनाचा खांब व सौरपॅनेलचा सांगाडा हे सगळे तिथे आणून जोडावे. गॅसच्या नळाचे काम गॅस पुरवठादाराच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

माझ्या घरातली उपकरणे कशी जळाली याचा उलगडाही मला येथेच झाला. झाडात पडलेल्या विजेने अंगणातली जमीन वर चढवली होती. पंपाची वायर एका जागेच्या जमिनीशी बांधलेली होती, तर इंटरनेटची केबल दुसऱ्याच. त्या दोहोंमधला फरक भरून निघाला तो घरातल्या उपकरणांतून.

पायरी ८ : मेन बोर्डात एसपीडी बसवा

छतावरचा वीजरोधक घर वाचवतो, उपकरणे वाचवत नाही. त्यांच्यासाठी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तारेतून आलेला विजेचा लोट अर्थिंगकडे वळवणारा एसपीडी लागतो. घरावर बाहेरचा वीजरोधक असेल तर मेन बोर्डात टाइप १ किंवा टाइप १ आणि २ एकत्र असलेला एसपीडी घ्यावा. टाइप १ ची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे खऱ्या विजेसारख्या लांब लाटेने झालेली असते. टाइप २ ची चाचणी ८/२० च्या आखूड लाटेने होते. खोकी सारखीच दिसतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. त्याला जोडणाऱ्या दोन्ही तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी, कारण प्रत्येक जादा मीटरमागे साधारण हजार व्होल्ट तुमच्या उपकरणांपर्यंत पोहोचतात. बोर्डात ती तार छान गुंडाळून नीटनेटकी ठेवलेली मी पाहिली आहे. ते वेटोळे कापून तार आखूड करून घ्यावी.

विजेची लाइन सुरक्षित केली आणि अँटेनाची किंवा इंटरनेटची तार तशीच सोडली, तर अर्धेच काम झाले. धातूच्या प्रत्येक तारेला तिच्या जातीचा प्रोटेक्टर लागतो. फायबरच्या तारेत काच असल्याने तिच्यातून प्रवाह येत नाही, मात्र तिला मजबुतीसाठी धातूची तार जोडलेली आहे का हे पाहून घ्यावे. आणि हे सगळे बसवल्यानंतरही, वादळ दूर असतानाच प्लग काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावू नये.

पायरी ९ : दरवर्षी तपासणी करा

वादळांचा हंगाम सुरू होण्याच्या आधी, आभाळ पूर्ण निरभ्र असताना, अर्धा दिवस यासाठी राखून ठेवावा. दुर्बिणीने सळ्या सरळ आहेत का आणि सांध्यांवर पांढरी किंवा हिरवी भुकटी आहे का ते पाहावे. चाचणी-क्लॅम्प सोडवून अर्थिंगचा रोध मोजावा, क्लॅम्प पुन्हा घट्ट बसवावा आणि पट्टी अखंड असल्याची मल्टिमीटरने खात्री करावी. एसपीडीच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला असेल तर तो बदलावा. घरावर नवे काही चढले असेल, मग ते सौरपॅनेल असो, टाकी असो वा खांब, तर पुठ्ठ्याची चकती पुन्हा आराखड्यावर फिरवावी.

सर्वांत बारकाईने पाहायची जागा म्हणजे पट्टी जमिनीत शिरते ती रेषा. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळत असल्याने गंज आधी तिथेच लागतो. माझ्याकडे तिसऱ्या वर्षीच्या तपासणीत वरची पट्टी कॅलिपरमध्ये ३ मिलिमीटर भरली आणि मातीच्या रेषेवर जेमतेम २ मिलिमीटर. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, त्याला मातीच्या वर आणि खाली वीत-वीतभर गंजरोधक टेप गुंडाळली, मोजपट्टी ठेवून फोटो काढला आणि तारखेसह फाइलमध्ये लावून ठेवला.